मुलुंडला गेलेली पिशवी

माझे सासरे काशीराम घाडी दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांचे लाडके आहेत. लाडकं म्हणायला लोकांचं काय जातं? त्यांना यांच्याबरोबर एका घरात राहावं लागत नाही ना. मी राहते. चौदा वर्षं झाली. तेव्हा मी जे सांगेन ते जरा चढ्या आवाजात येईल, तेवढं चालवून घ्या.

वय त्र्याहत्तर. उजव्या गुडघ्याची वाट लागलेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की "पावसाळो सरूंदे" हे एकच उत्तर. कुठला पावसाळा ते सांगत नाहीत. मुंबईत येऊन बासष्ट वर्षं झाली तरी घरात मालवणीच बोलणार. मी बोरीवलीत वाढलेली, मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. आता सगळं कळतं, म्हणून तर भांडणं होतात.

ते मुंबईला आले कसे ही गोष्ट मी लग्नाच्या आठव्या दिवसापासून ऐकत आले आहे. अकरा वर्षांचे होते. देवगडहून आगबोटीने एका काकाबरोबर निघाले. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर तो काका सामान बघायला म्हणून जो गेला तो गर्दीत गुडूप. पोरगा तासभर उभा राहिला आणि मग निघाला चालत. हातात पिशवी, डोक्यात बापाच्या गिरणीचं नाव, बाकी काही नाही. नाक्यानाक्यावर विचारत विचारत संध्याकाळी परळला गिरणीच्या गेटवर जाऊन पोचला. पाळी सुटली, बाप बाहेर आला, त्याने पोराच्या हाताला धरलं आणि खोलीवर नेलं. झालं. एवढीच गोष्ट. पण ती ते अशी सांगतात की जसं काही अमेरिकाच शोधून काढली.

मोठे झाल्यावर ते त्याच गिरणीत लागले. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच. मग अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिपाई झाले. काम काय, तर पाकिटं पोचवायची. साठाव्या वर्षापर्यंत हा माणूस घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, बोरीवली पायाखाली घालत होता. रिटायर झाल्यावर गप्प बसावं की नाही? नाही बसले.

आता पिशव्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. आमच्या गावची पद्धत अशी की मे महिन्यात गावाला गेलेला माणूस एकटा परत येत नाही, अख्ख्या गावाच्या पिशव्या घेऊन येतो. कोणाचं कोकम, कोणाचे उकडे तांदूळ, कोणाचे कुळीथ, कोणाच्या आईने मुद्दाम लेकीसाठी केलेलं फणसाचं साठ. जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या, त्यांवर मार्करने नाव. आणि नाव म्हणजे काय, तर "बाबी घाटकोपर", "ताई बोरीवली", "अण्णा मुलुंड". ना आडनाव, ना खोली नंबर, ना फोन. विचारलं तर म्हणणार, काशीरामाक म्हायत हा. आणि आधी फोन करून जायचं नाही. गावचा माणूस फोन करून आला तर तो पाहुणा झाला, घरचा राहिला नाही, असं यांचं शास्त्र.

या पिशव्या बाबा, म्हणजे माझे सासरे, पोरांकडून वाटतात. आपल्या, शेजारच्या, कोणाच्याही. दहा वर्षं पूर्ण झाली की पोर त्यांच्या हिशेबाने तयार. पहिल्या फेरीला ते पुढे, पोर मागे. दुसऱ्या फेरीला पोर पुढे, हे मागे, तोंड बंद ठेवून. चुकीच्या बसमध्ये चढलं तरी सांगणार नाहीत, चुकीच्या बसमध्ये बसणार. तिसऱ्या फेरीला पोर एकटं. नियम ठरलेले. ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर बसायचं. रिकाम्या उभ्या माणसाला विचारायचं नाही, कामात असलेल्याला विचारायचं. एकाचं ऐकून निघायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची. आणि मोबाइल न्यायचा नाही.

माझा नवरा सुबोध असाच अकराव्या वर्षी घाटकोपरला जाऊन आला होता. समोरच्या घरातली तेजल जाऊन आली. सगळे हसून सांगतात. मला हसू येत नाही. माझे वडील मला कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायला यायचे, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मुलगी सांभाळायची म्हणजे सांभाळायची.

बरं, आम्ही मुलीला कुठे नेत नाही असंही नाही. श्रुतिका आमची एकुलती एक, अकरा वर्षांची. तिला आम्ही मनालीला नेलं, केरळला नेलं. शाळेच्या सहलीला दर वर्षी पाठवतो. रिसॉर्टला नेतात, मनगटाला पट्टा बांधतात, तासातासाला डोकी मोजतात आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकतात. मुलांना प्रवास घडवायला हवा, त्याने मूल शहाणं होतं, हे मलाही कळतं, मी काही अडाणी नाही. पण मनालीहून आल्यावर बाबांनी तिला विचारलं, हॉटेलातून बाहेर पडल्यावर नदी कुठल्या हाताला होती? तिला सांगता येईना. तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, "चेडू इतक्या लांब गेला, पण पोचला खंय नाय." चेडू म्हणजे मुलगी, आणि मालवणीत ती "गेला"च. मी ताट आपटलं आणि आत गेले. आमच्या सहलीची अशी किंमत करायची यांना काय गरज होती?

यंदा मे संपताना बाबा गावाहून परतले, नऊ पिशव्या घेऊन. त्यांनी श्रुतिकाला बोरीवलीला त्यांच्या बहिणीकडे दोनदा नेलं. मला वाटलं आजोबा-नात फिरायला जातायत, जाऊ दे. पहिली फेरी आणि दुसरी फेरी चालली होती हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो शनिवार होता. मी गोरेगावात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, शनिवारी दोनला सुटते. घरी आले तर बाबा खिडकीत आणि श्रुतिकाचा पत्ता नाही.

"श्रुती कुठेय?"

"मुलुंडाक धाडलंय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कोणाबरोबर?

"एकट्याक. अण्णाची पिशवी घेवन गेला. येतला आता."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. सकाळी साडेदहाला गेलेली मुलगी. दिंडोशीहून बस पकडून, पवई, भांडुप करत मुलुंडला. खिशात मोबाइल नाही. मला विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. मी सुबोधला फोन लावला, तो अंधेरीला ऑफिसात. तर हा म्हणतो, "येईल गं, टेन्शन नको घेऊ, मी पण जायचो." मी म्हटलं, तू गेलास तेव्हा साल कुठलं होतं? तर म्हणे मीटिंग आहे, नंतर बोलतो. बापलेक दोघेही एकाच मातीचे.

तीन वाजले. साडेतीन वाजले. बाबांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. हा माणूस कधी घड्याळ बघत नाही.

मी म्हटलं, "अण्णांना फोन लावा."

"नंबर लागना नाय. जुनो आसा."

"पत्ता सांगा."

"शेलार चाळ. एलबीएस रोडान पुढे, खालच्या अंगाक. अण्णा म्हणान विचारलास तर कोणय दाखयत."

मी पर्स उचलली. ते काठी घेऊन मागे आले. मी नको म्हटलं, पण पत्ता त्यांच्याच डोक्यात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. खाली येऊन रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरेतून घातली. मी त्यांना जे बोलले ते आरे संपेपर्यंत बोलत होते.

"फोन तरी द्यायचा होता तिला."

"फोन दिलो तर विचारतला कोणाक?"

"पेपर वाचता का तुम्ही? जगात काय काय चाललंय ते कळतं का?"

"कळता. म्हणान शिकवतंय."

"तुमचा गुडघा चालत नाही म्हणून माझी मुलगी वापरायची का पाय म्हणून?"

यावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, बरं लागलं. लागायलाच हवं होतं. पवई आलं तेव्हा सुबोधचा फोन आला, चार वाजून गेले होते आणि आता त्याचाही धीर सुटला होता. त्याने फोन बाबांना द्यायला सांगितला आणि त्यांच्यावर ओरडायला लागला. मगाशी टेन्शन घेऊ नको म्हणणारा हाच. मी फोन काढून घेतला आणि म्हटलं, ओरडायला मी आहे इथे, तू पोलिसांचं काय करायचं ते बघ.

मुलुंडला बाबांनी सांगितलं तिथे उतरलो. चाळ नव्हती. म्हणजे एकही चाळ नव्हती. तिथे पंचवीस-तीस मजली टॉवर उभा, काचेचं गेट, इंग्रजी नाव, आत कारंजं. बाबा रस्त्यावर उभे राहून मान वर करून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चाळ खंय गेली?" म्हणाले.

मला विचारतायत. मी कधी जन्मात तिथे आले नव्हते. मी विचारलं, तुम्ही शेवटचे कधी आला होतात? तर लॉकडाऊनच्या आधी. मध्ये दोन वर्षं कोणीतरी येऊन पिशवी घेऊन गेलं, मग गुडघा धरला, मग पिशवी गावातच कोणाला तरी दिली. पाच वर्षं हा माणूस इथे फिरकला नाही, आणि पोरीला छातीठोकपणे सांगितलं की कोणीही दाखवेल. या मुंबईत पाच वर्षांत काय उभं राहतं आणि काय पडतं हे साठ वर्षं राहिलेल्या माणसाला सांगायला लागतं का?

गेटवरच्या वॉचमनला मी श्रुतीचा फोटो दाखवला. म्हणाला, हां, आयी थी, बारा-सव्वाबारा बजे. फ्लॅट नंबर नही बोली, पूरा नाम नही बोली, सिर्फ अण्णा अण्णा. तो हमने भगा दिया.

"भगा दिया? किधर गयी?"

"क्या मालूम मॅडम."

अकरा वर्षांची मुलगी दुपारी बाराला गेटवर येऊन पत्ता विचारते आणि हा तिला हाकलतो. कुठे गेली तेही बघत नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो मात्र शांतपणे रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाला, आप को जाना है तो फ्लॅट नंबर लिखो. मी मोबाइलवर नकाशा उघडला. नकाशात शेलार चाळ नव्हतीच. मी त्या फुटपाथवर उभी होते आणि खरं सांगते, मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. अडतीस वर्षांची बाई, हातात मोबाइल, आणि डोकं पार बंद.

बाबा काठी टेकत निघाले. रिकाम्या उभ्या माणसांना ओलांडून पुढे गेले. कोपऱ्यावर पिठाची चक्की होती, चक्कीवाला डबे भरत होता. त्याला त्यांनी विचारलं, शेलार चाळीतले लोक कुठे गेले? तर तो हातातलं काम थांबवून हसायला लागला. म्हणाला, आज सगळ्यांना शेलार चाळच हवीय का? दुपारी एक मुलगी हेच विचारत होती. फुलाफुलांची पिशवी होती तिच्याकडे.

मी त्याच्या अंगावरच गेले. कुठे आहे ती? तो म्हणाला, थांबा ताई, सांगतो. आधी तिने अण्णा कुठे राहतात असं विचारलं. मी म्हटलं, बाळा, इथे दर चौथा माणूस अण्णा. मग बाहेर जाऊन उभी राहिली. मला वाटलं रडतेय. तर नाही, पिशवी सोडून आत काय आहे ते बघत होती. परत आली आणि मला म्हणते, काका, तुमच्याकडे कुळीथ दळायला कोण येतं?

कुळीथ. आम्हा कोकणातल्या लोकांशिवाय त्या गल्लीत कुळथाची पिठी कोण खाणार? चक्कीवाला म्हणाला, दोनच घरं आता. एक म्हातारी नेहमी येते, सखुबाई, नवरा अंथरुणावर आहे. मागच्या गल्लीत ती पिवळी इमारत, चाळीतल्या लोकांना तिथे खोल्या दिल्यात, सखुबाईंची चौथ्या मजल्यावर. तेवढं सांगितलं तरी तुमची मुलगी निघाली नाही. समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारून आली, मी सांगितलं ते खरं का. मला जरा रागच आला, पण म्हटलं पोरगी हुशार आहे.

मला कौतुक वाटायला हवं होतं. नाही वाटलं. साडेचार वाजत आले होते आणि मला ती डोळ्यांसमोर हवी होती, बाकी काही नको होतं. बाबांचा चेहरा मात्र उजळला होता. ते बघून माझं डोकं आणखी फिरलं.

चौथा मजला. लिफ्ट बंद. बाबा मागे राहिले, मी धावत चढले. दार उघडंच होतं. आत कॉटवर एक हाडकुळे म्हातारे, म्हणजे अण्णा, आणि जमिनीवर मांडी घालून माझी मुलगी, ताटात भात, तोंडात घास. गावच्या घरामागच्या विहिरीबद्दल ती काहीतरी सांगत होती आणि अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला बघून ती हसली. म्हणाली, "आई, तू कशी आलीस?"

मी तिला उठवलं आणि कानाखाली काढली. एक नाही, दोन.

सखुबाई आतून धावत आल्या. "मारू नको गो. चेडवान काय केल्यान?" मी म्हटलं, सहा तास झाले, घरी कळवायचं नाही? त्यांनी श्रुतीला जवळ ओढलं. म्हणाल्या, "तुका तीनदा फोन केलंय. नंबर तिणा तोंडपाठ सांगितल्यान. तीनदाय कापलंस."

मी मोबाइल बघितला. दुपारी एक वाजून दहा, एक पंधरा, दीड. अनोळखी नंबर. दवाखान्यात दिवसाला दहा असे फोन येतात, कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का. मी न बघता कापते. तेही तसेच कापले होते. ती घरी पोचते की नाही याची काळजी त्या म्हाताऱ्या बाईने केली होती, आणि आधी जेव, मग उन्हं उतरली की जा, आणि जाताना परत दोन घास खाऊन जा, असं तिनेच बसवून ठेवलं होतं. अण्णांकडे पाच वर्षांत गावचं कोणी आलं नव्हतं. ते तिला सोडतच नव्हते.

तोवर बाबा धापा टाकत वर आले. दारातच त्यांना श्रुतीचा गाल दिसला. ते मला ओलांडून आत गेले. अण्णांच्या उशाशी जाऊन बसले, त्यांचा हात धरला. दोन म्हातारे तसेच बसलेले, श्रुती रडत नव्हती, आणि मी त्या परक्या घरात उभी राहून उगाच पर्सची चेन लावत-उघडत होते.

परतताना रिक्षात मी सुबोधला सापडली म्हणून कळवलं आणि बाबांना शेवटचं सांगून टाकलं. "आजपासून माझ्या मुलीला कुठेही पाठवायचं नाही. तुमच्या पिशव्या तुम्ही बघा."

"चाळ पडली ता माका म्हायत नव्हता," ते म्हणाले. "चूक माझी." मग काठी पुढ्यात घेत, "बरा. नाय धाडूचंय."

आणि त्यांनी पाळलं. घाटकोपरच्या बाबीची एकच पिशवी उरली होती, ती दाराच्या मागे खुंटीला लावून ठेवली. नातीला सोबत घेऊन भाजीला जाणंही बंद केलं. सकाळी उठायचे, डेपोजवळच्या बाकावर जाऊन बसायचे, सुटणाऱ्या बसेस बघायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. मला वाटलं, चला, घरात शांतता झाली.

शाळा सुरू झाली. आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. श्रुती खाली दूध आणायला जायची, ते ती जाईना. "तू चल ना." लिफ्टमध्ये एकटी शिरेना, कोणी येईपर्यंत दाराशी उभी. तेजलकडे, म्हणजे समोरच्या दारात जायचं तरी विचारणार, "आई, जाऊ? पाच मिनिटांत येते. चालेल?" पाच मिनिटांत म्हणजे पाच मिनिटांत. एकदा सहाव्या मिनिटाला धावत आली, चप्पल तिकडेच विसरून. पेन संपलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाईना, पेन्सिलीने लिहून न्यायची आणि बाईंचं ऐकून घ्यायची.

मी बाबांवर चिडले. म्हटलं, बघितलंत? मुलुंडने पोरगी घाबरून गेली. हे सगळं तुमच्यामुळे. ते जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

त्या दिवशी मी श्रुतीला घेऊन बसले. गोडीत विचारायचं ठरवलं होतं, पण मला गोडीत बोलायला जमत नाही. म्हटलं, "काय चाललंय तुझं? एवढी मुलुंडची भीती बसली का तुला? तो वॉचमन ओरडला म्हणून?"

"वॉचमनची नाही वाटली," ती म्हणाली. "त्याचं ते कामच होतं."

"मग?"

ती चादरीचा दोरा ओढत होती. "मला तिकडे मज्जा आली. मला सापडलं ना सगळं. भीती तू आलीस तेव्हा वाटली."

तिने तो दोरा बोटाला गुंडाळला.

"मला वाटतं मी कुठे गेले आणि उशीर झाला की तू मारशील. मी कुठे गेलेच नाही तर उशीर होणारच नाही ना."

इतकं सरळ बोलली की मला तिच्यावर चिडताही येईना. त्या रात्री मी सुबोधशी भांडले, विनाकारण. सकाळी दूध उतू गेलं त्यावर चिडले. दवाखान्यात एका पेशंटवर चिडले. दोन दिवस मी जगावर चिडत होते आणि मला नीट माहीत होतं की चिडायचं कोणावर आहे. मुलीला लांब लांब फिरवून आणलं, एक ट्रिप चुकवली नाही. आणि ती जेव्हा पहिल्यांदा खरोखर कुठेतरी जाऊन पोचली, तेव्हा मी तिला दोन थोबाडीत दिल्या.

रविवारी मी खुंटीवरची पिशवी काढली आणि बाबांसमोर ठेवली. "श्रुतीला घाटकोपरला पाठवा."

"मी नाय धाडूचंय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "माझ्या सांगण्यान ता गेला आणि मार खाल्ल्यान. आता माझ्या सांगण्यान ता जावचा नाय. धाडूचा आसात तर तू धाड."

"मला घाटकोपर माहीत नाही."

"मगे विचार."

विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, कुठली बस, कुठे उतरायचं, पुलाच्या कुठल्या बाजूने खाली यायचं. या वेळी स्वतःहून म्हणाले, ही वाट आता तशी आसतली की नाय ता माका सांगूक येणा नाय, ता तिणा बघूचा. मी कागदावर लिहून घेतलं. मग मला लाज वाटली आणि मी तो कागद श्रुतीला न देता तोंडी सांगितला. माझा मोबाइल तिला देत होते, ती म्हणाली, नको, पडेल.

डेपोवर गेलो. तिने माझा हात धरला होता. गेली दोन वर्षं रस्त्यात हात धरलेला तिला आवडत नव्हता, मैत्रिणी हसतात म्हणून. आता बोटांत बोटं घालून घट्ट. बस लागली, लोक चढायला लागले, ही जागची हलेना.

"तू पण चल ना."

माझ्या तोंडावर आलं होतं, चल, मी येते. बस समोर होती, एक पाय टाकायचा होता फक्त. मला त्या क्षणी माझ्या सासऱ्यांचा इतका राग आला की काय सांगू. हे ओझं मला काय म्हणून दिलं त्यांनी? घरी बसले आरामात.

मी तिची बोटं सोडवली. एकेक करून सोडवावी लागली. म्हटलं, "श्रुती, ऐक. उशीर झाला तर होऊ दे. चुकलीस तर चूक. रात्र व्हायच्या आत ये, बाकी काही नाही. मी मारणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसलेला नव्हता, ते दिसत होतं.

"कितीही वेळ लागला तरी?"

"कितीही."

"नक्की?"

"जा आता, बस सुटेल."

ती चढली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर. खिडकीतून हात केला नाही, पुढे बघत होती. बस वळून दिसेनाशी झाली. मी घरी गेले नाही. बाबा सकाळी बसतात त्या बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.